दाराचा दगड

टायरच्या दुकानाचं दार पहिल्यापासून वाकडं.
खाणीकडून वारा सुटला की आपटतं,
म्हणून माझ्या वडिलांनी, रापुला त्यांचं नाव,
उंबऱ्याशी एक दगड लावून ठेवला होता.
मी शाळेत जायच्या आधीपासून.
भाजलेल्या मोरामाच्या बिया मी त्यानेच फोडल्या.
आमची कुत्री, एकामागून एक तीन,
त्यावर हनुवटी टेकून झोपली.
आणि एकदा उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाला
वडिलांनी तो नुसता उचलून दाखवला होता.
पैसे लगेच निघाले.

मग गावाबाहेर मॉलचा पाया खणायला घेतला,
तर मशीनच्या दातांत माती कमी, दगडच जास्त.
सगळे एका घडणीचे:
एकीकडे निमुळते, दुसरीकडे जाड, गोलसर,
पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे,
जिथे पाणी टँकरने येतं.
काम थांबलं. पांढरी दोरी बांधली गेली.
किंबर्लीहून डॉक्टर एल्मारी आल्या:
टोपी, ब्रश, मोजपट्टी,
आणि दुसऱ्याच दिवशी बसलेलं मागचं चाक.

वडिलांनी पकडीने टायरमधून कपची उपसली,
नखाएवढी, करडी.
बाईंनी ती उजेडात धरली.
कुणीतरी दगड घडवताना उडालेली,
काही लाख वर्षं वाळूत पडलेली,
आणि कापायचं विसरली नव्हती.

चहा देताना मी दार पायाने सरकवलं.
बाईंनी कप खाली ठेवला.
"हा कुठला?"
"हा? हा दाराचा," वडील म्हणाले.
"दाराच्या आधी?"
त्यांनी आठवून पाहिलं.
संडासाचा खड्डा खणताना असेल.
किंवा उंटकाट्याच्या झाडाखालून, आजोबांना पुरलं तेव्हा.
नाहीतर आईने आणला असेल, पातेलं टेकवायला.
तिन्ही जागा त्यांनी बोटाने दाखवल्या,
तिन्ही दिशांना.

बाईंनी तो मांडीवर घेऊन फिरवला.
इथे घाव. इथे घाव.
इथे दगड भलतीकडे फुटला,
इथे तो थांबला असेल, विचार केला असेल.
"किंवा ती," मी म्हटलं.
"किंवा ती. माणूस म्हणावं की नाही, कोण जाणे.
आपल्या आधीचं कुणीतरी."
"पण हात होता ना?" वडिलांनी विचारलं.
"होता."
"मग झालं."

गुंडाळायच्या आधी त्यांनी तो माझ्या हातात दिला.
एवढ्या वर्षांत आम्ही तो
कायम पायानेच सरकवला,
उचलला तर उलट्या बाजूने.
आता माझा अंगठा आपण होऊन
एका खळग्यात जाऊन बसला.
मला कुणी शिकवलं नव्हतं.
मी तो जरा जास्त वेळ धरून ठेवला असावा,
कारण बाई कागद हातात घेऊन उभ्याच होत्या.

पावती लिहून झाली.
वडिलांनी सवयीने तिच्यावर
दुकानाचा शिक्का मारला: पैसे मिळाले.
मिळाले नव्हते.
पंक्चरचे मात्र त्यांनी पुरते घेतले.

चारच्या सुमारास वारा आला. दार आपटलं.
वडील मागे गेले, हाताला लागला तो दगड उचलला,
पाहिला,
परत टाकला.
दुसरा उचलला. तोही टाकला.
तिसरा उचलून ते तिथेच टायरच्या ढिगावर बसले
आणि हसता हसता त्यांना खोकला लागला.
"अगं, या गावात साधा दगड म्हणून नाहीच का?"

शेवटी ट्रकचा जुना ब्रेक ड्रम लावला.
तोही इथलाच असेल म्हणा.
आमचं लोखंड रेल्वेने जातं,
समुद्र ओलांडतं,
आणि ट्रक होऊन परत येतं, हप्त्याने.

पावती मी खिळ्याला अडकवली आहे.
वस्तू: हातकुऱ्हाड, एक.
वजन नऊशे चाळीस ग्रॅम.
सापडल्याचं ठिकाण: दार.

तिसऱ्या कुत्रीने ड्रम हुंगला,
आणि सिमेंटला पडलेल्या त्या खोलगट जागी,
जिथे काही नव्हतं,
तिथे हनुवटी ठेवली.